आधी शोधा, मग विचारा

४ मार्च, सोमवार

...आणि म्हणून कालचं भांडण मी हरलो, असं ताईला वाटतंय. मुळात ते भांडण नव्हतंच. टेक्निकल चर्चा होती. आईच्या कामाच्या कॉम्प्युटरवर मी तिला न विचारता मुंगूस टाकलं, हा मुद्दाच चूक आहे. विचारलं होतं. फक्त तेव्हा ती शिलाई मशीनवर होती आणि मशीनचा आवाज मोठा आहे. पण ती मान हलवत होती. ताईचं म्हणणं, शिवताना तिची मान हलतेच.

मुंगूस काय आहे हे या घरात कुणी समजूनच घेत नाही. फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. ओपन सोर्स. शेकडो लोकांनी मिळून बनवलेली. लोगोमध्ये शेपटी वर केलेलं मुंगूस. आईची जुनी सिस्टीम सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की मध्ये तिचा चहा करून पिऊन व्हायचा. आता चहाला वेळच मिळत नाही म्हणाली. हे कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही. कौतुक धरलंय.

संकल्प: महिनाअखेर बिळाचा मॉडरेटर व्हायचं. बीळ म्हणजे मुंगूसवाल्यांचा मराठी फोरम. एक जागा रिकामी होतेय, असं मुख्य मॉडरेटर 'जुनंखोड' यांनी स्वतः जाहीर केलंय. मी तिथे 'रूटराज' या नावाने असतो. माझ्याइतके प्रश्न आजवर कुणीच परत पाठवले नसतील.

दुसरा संकल्प: रोज पुश-अप्स. मॉडरेटर फिट असावा.

५ मार्च, मंगळवार

बिळावर माझा लेख टाकला: 'प्रश्न कसा विचारावा'. नाइन्टीन मुद्दे. (मराठीत एकोणीस की एकोणतीस, ते बघून घेतो.) लॉग जोडा. (लॉग म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो ती नोंद, एवढं सगळ्यांना माहीत असतंच.) शीर्षक नीट लिहा. 'अर्जंट' लिहू नका. उद्गारचिन्हं लावू नका. सुटलं तर नुसतं 'सुटलं' लिहून पळू नका, कारण काय होतं तेही लिहा. शेवटी माझी सही, जी आता माझ्या प्रत्येक पोस्टखाली येईल: आधी शोधा. मग वाचा. मग पुन्हा शोधा. मग विचारा.

जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला. मधेच बाबांनी विचारलं, मीठ कुठेय. मी म्हटलं, आधी शोधा. ताईला इतकं हसू आलं की पाठीवर थापा माराव्या लागल्या. बाबा उठले आणि मीठ न घेताच परत आले. आई म्हणाली, छान लिहिलंयस रे बाळा, आता तो प्रिंटर एकदा बघशील का, नवीन सिस्टीम आल्यापासून मला त्याचं काही कळेना.

इथे मी ठाम राहिलो. म्हटलं, घरच्यांना सपोर्ट देणं आजपासून बंद. घर म्हटलं की सगळे सवलत घेतात. कुणी लॉग देत नाही, नुसते हाका मारतात. फोरम आहे, तिथे एक्सपर्ट बसलेले असतात, तिथे विचारायचं. बिळाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून तिच्या मॉनिटरला चिकटवला.

आई काय फोरमवर जाणार म्हणा. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

८ मार्च, शुक्रवार

आईला मोठी ऑर्डर मिळण्याची शक्यता. मोठ्या हॉटेलच्या अख्ख्या किचन स्टाफचे पांढरे कोट. आधी एक सँपल द्यायचंय, पुढच्या शुक्रवारी. ते मुख्य आचाऱ्याला नीट बसलं तर वर्षभराचं काम. दुसरं मशीन घेता येईल, हाताखाली एक मुलगी ठेवता येईल. आजवर आईने ब्लाउज, फॉल आणि शेजाऱ्यांच्या पॅन्टच्या चेनी हेच केलंय, त्यामुळे ती सकाळपासून उगाच मशीन पुसतेय.

ती कापडावर थेट खडूने आखत नाही. कॉम्प्युटरवर माप घालते, मग कोटाचे भाग अनेक कागदांवर छापून निघतात, ते कागद चिकटपट्टीने जोडायचे, कापडावर ठेवायचे आणि कापायचं. हे सगळं आता मुंगूसवर चाललंय. म्हणजे ऑर्डर मिळाली तर क्रेडिट कुणाचं, हे सांगायची गरज नाही.

पुश-अप्स: सहा. सातवी जवळजवळ.

११ मार्च, सोमवार

बिळावर नवीन मेंबर. नाव 'टाचणी'. नावावरूनच कळतं, टोचायला आलेली आहे. पोस्ट जशीच्या तशी उतरवतो, पुढे केस स्टडी म्हणून वापरता येईल:

नमस्कार सगळ्यांना. मी नवीन आहे. माझ्या प्रिंटरमधून सगळं थोडं लहान येतंय असं वाटतं. माझाच डोळा चुकत असेल कदाचित. कुणाला सवड झाली तर बघाल का? घाई नाही, पण शुक्रवारी काम द्यायचंय.

एका पोस्टमध्ये किती गुन्हे! 'नमस्कार' म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ खाणं. 'थोडं' हे माप नाही. 'वाटतं' हा लॉग नाही. आणि घाई नाही पण शुक्रवार, म्हणजे नक्की काय? मी लिहिलं: थोडं म्हणजे किती? लॉग जोडा. माझा लेख वाचा. खाली सही आलीच.

उत्तराची वाट बघत बसलो. बाहेरच्या खोलीत आई एका बोटाने काहीतरी टाइप करत होती. टक. टक. बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा टक. डोकं उठलं. टाचणीचं उत्तर आलं तेव्हा कुठे तो आवाज थांबला आणि मला शांतपणे वाचता आलं.

टाचणी लिहिते: रूटराजजी, तुमचा लेख वाचला, छान आहे. लॉग म्हणजे काय ते समजलं नाही. माझ्याकडे फक्त टेप आहे.

मी लिहिलं, टेप हा लॉग नाही.

१२ मार्च, मंगळवार

आईने सँपल कोट मला घालून बघितला. मुख्य आचाऱ्याची आणि माझी छाती एकच आहे म्हणे. होती, असं म्हणायला हवं. कारण कोट छातीत तंग! वरचं बटण लागलंच नाही. खांदेही दाबल्यासारखे. आरशात बघितलं. पुश-अप्सचा रिझल्ट इतका लवकर येतो हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

आई टेप घेऊन माझ्याभोवती दोनदा फिरली. माझं माप कागदावरच्या मापाशी जुळतंय म्हणाली. मी म्हटलं, आई, मसल फुगतो, टेपमध्ये येत नाही. ती म्हणाली, आचारी काही पुश-अप्स मारत नाही रे. म्हटलं, मग त्याला बरोब्बर बसेल.

ताईने येऊन माझा दंड दाबून बघितला आणि परत गेली. जेलसी.

१३ मार्च, बुधवार

टाचणी थांबायला तयार नाही. आज फोटो टाकला, तोही उलटा. जमिनीवर पसरलेले कागद. खाली लिहिलंय: हे बघून काही कळतं का? पूर्वी बरोबर यायचं. नवीन सिस्टीम आल्यापासून असं होतंय.

मी समजावलं की आधी एवढं नीट लिहायला शिकावं लागतं, म्हणजे समोरच्याला मदत करायची इच्छा होते. तिने 'बरं' लिहिलं. नुसतं 'बरं'. फोरमवर एका शब्दाचं उत्तर म्हणजे अपमान. मुद्दा अकरा.

पोस्ट रिपोर्ट केली. तिघांनी रिपोर्ट केलं की पोस्ट आपोआप लपते आणि मॉडरेटरने उघडेपर्यंत कुणालाच दिसत नाही. म्हणून ओळखीच्या दोघांना मेसेज केले. जुनंखोड सोमवारपर्यंत रजेवर आहेत, तेव्हा शिस्त कुणीतरी पाळायलाच हवी. दुपारपर्यंत पोस्ट गायब.

बिळात शांतता. हीच ती लीडरशिप. संध्याकाळी घरातही शांतता होती. आई कॉम्प्युटरसमोर नुसती बसली होती, बोट कीबोर्डवर, पण टक नाही. मला बरं वाटलं.

१५ मार्च, शुक्रवार

सँपल नापास.

आई आणि ताई हॉटेलात गेल्या होत्या. ताईने सगळं करून दाखवलं. आचाऱ्याने कोट घातला, बटणं कशीबशी लावली, हात वर केला आणि काखेत टर्र. म्हणाला, बाई, या कोटात मला फोटो काढता येईल, स्वयंपाक नाही. बाकीचे हसले. पण माणूस बरा असावा, कारण शिलाई बघून म्हणाला, टाके सुंदर आहेत, माप गंडलंय, पुढच्या शुक्रवारी एकदाच अजून बघतो. तेव्हाही नाही जमलं तर दुसरा शिंपी तयारच आहे.

आईने आल्यावर कोट नीट घडी घालून कपाटात ठेवला. मी म्हटलं, आचारीही व्यायाम करत असेल गुपचूप.

कुणी हसलं नाही. या घरात ह्युमर नाही.

१६ मार्च, शनिवार

आई म्हणते, माझा हातच गेला. इतकी वर्षं माप चुकलं नाही, आता कागद जोडते तेव्हा सगळं जुळतं आणि शिवलं की लहान होतं. मी प्रॅक्टिकल विचार केला. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. ताई तिला चष्मेवाल्याकडे घेऊन गेली. नंबर तोच. आई म्हणाली, मग डोळे नाहीत, हातच.

कात्री मांडीवर ठेवून बराच वेळ बसली होती. कापड समोर होतं, पण कापेना. मी जाणार होतो विचारायला, पण बिळावर पोस्टच्या शेवटी पूर्णविराम द्यावा की देऊ नये यावर वाद पेटला होता आणि मला सोडून निघता येत नव्हतं.

पुश-अप्स: बंद. कोट परत घालायला लागला तर फाटेल.

१८ मार्च, सोमवार

जुनंखोड रजेवरून आले. पहिलं काम काय केलं? टाचणीची पोस्ट उघडली! वर लिहिलं: ही का लपवली? नमस्कार टाचणी, उशिराबद्दल माफ करा.

मॉडरेटरने माफी मागायची? वय झालंय त्यांचं. जागा भरायलाच हवी.

मग त्यांनी टाचणीला एक साधं काम सांगितलं. दहा सेंटीमीटरचा चौकोन काढायचा, छापायचा आणि टेपने मोजायचा. टेपने! मी लिहिलं, टेप हा लॉग नाही, असं आधीच ठरलंय. जुनंखोड यांनी उत्तर दिलं नाही. बहुधा पटलं असावं.

बाहेरच्या खोलीत प्रिंटर घरघरला. मग पुन्हा टक टक सुरू. मी दार लावून घेतलं.

टाचणी: साडेनऊच्या थोडं पुढे येतंय.

पुन्हा 'थोडं'! मी टाइप करतच होतो, तेवढ्यात जुनंखोड यांनी लिहिलं: मग तुमचा डोळा अगदी बरोबर आहे. छापताना जी खिडकी उघडते तिच्यात 'पानात बसवा' असं असेल, ते काढून 'मूळ आकार' करा. मुंगूस नव्याने टाकलं की ते 'पानात बसवा'वरच असतं, आणि प्रत्येक पान कडेने थोडं आवळून छापतं. सगळीच पानं सारखी आवळली जातात, म्हणून जोडताना कळत नाही. ज्यांनी तुम्हाला सिस्टीम टाकून दिली त्यांनी हे एवढं सांगायला हवं होतं.

अगदी माझ्या मनातलं! इथे मात्र मी शंभर टक्के जुनंखोड यांच्या बाजूने. खाली सविस्तर लिहिलं: कुणीतरी बेजबाबदार माणूस बिचाऱ्या बाईच्या कॉम्प्युटरवर सिस्टीम टाकून हात झटकून मोकळा झाला. अशांमुळेच मुंगूसचं नाव खराब होतं. अशा माणसाला शोधून काढून जाब विचारायला हवा.

टाचणीने खाली लिहिलं: तो वाईट नाही हो. त्याला सवड मिळत नाही.

हे असं पाठीशी घालतात, म्हणून लोक सुधारत नाहीत. हेही लिहिलं.

१९ मार्च, मंगळवार

कालच्या माझ्या पोस्टला अठ्ठावीस लाइक! माझा रेकॉर्ड. आधीचा चार होता, त्यातला एक मीच दुसऱ्या अकाउंटवरून दिलेला. लाइक देणाऱ्यांत 'मीठ_कुठेय' आणि 'दंड_दाबून_बघितला' असे दोन नवे मेंबर आहेत. लोक काय काय नावं घेतात! पण टेस्ट चांगली आहे.

बेजबाबदार माणसाबद्दल जेवताना सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, विचार करा, एका गरीब बाईचं काम अडलं आणि हा आरामात बसलाय. बाबांना ठसका लागला. ताई म्हणाली, खरंच, सापडायला हवा तो. आईने माझ्या ताटात अजून एक पोळी वाढली आणि म्हणाली, जेव आधी.

आज आई सकाळपासून खुशीत आहे. गुणगुणत कापतेय. मूड स्विंग्ज.

२१ मार्च, गुरुवार

नवं सँपल घातलं. सगळीकडे छान बसलं, छातीत हात घालायला जागा. पाच दिवस पुश-अप्स चुकल्या तर मसल इतका उतरतो? डिप्रेसिंग. आईला म्हटलं, बघ, मी बारीक झालो. ती तोंडात टाचण्या धरून होती म्हणून बोलली नाही, नुसती खांदे हलवून हसत होती.

टाचणीने आज बिळावर मोठी पोस्ट टाकली. शीर्षक: 'सुटलं, आणि कसं सुटलं ते लिहिते'. चुकीच्या कागदाचा फोटो, बरोबर कागदाचा फोटो (दोन्ही सुलटे), कुठे क्लिक करायचं, कशाने फसायला होतं. माझ्या लेखातला मुद्दा सतरा तंतोतंत पाळला. शेवटी आभार: जुनंखोड यांचे, आणि रूटराज यांचेही, कारण त्यांच्या लेखामुळे नीट लिहायला शिकले.

म्हटलं ना, माझी मेथड कडक आहे पण चालते.

२२ मार्च, शुक्रवार

ऑर्डर मिळाली! आचाऱ्याने हात वर केला, खाली केला, जागच्या जागी वाकून बघितलं, मग म्हणाला, बाई, आता स्वयंपाक करता येईल. अख्ख्या किचनचं काम आईला. आई घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली. मग म्हणाली, हात गेला नव्हता माझा.

बाबांनी विचारलं, रडतेयस की काय. म्हणाली, धूळ गेली.

मी आठवण करून दिली की मुंगूस टाकलं म्हणून हे झालं. ताईने बाबांकडे बघितलं, बाबांनी छताकडे.

जुना तंग कोट मला मिळाला. ताई म्हणाली, बक्षीस.

२५ मार्च, सोमवार

बुधवारी मॉडरेटरचा निकाल. भाषण तयार केलं. थोडं नम्र, थोडं कडक. सुरुवात: मित्रहो, हा विजय माझा एकट्याचा नाही. (आहे.)

नवं शिलाई मशीन आलं. आईच्या खोलीत प्लग कमी पडतात, म्हणून माझ्या टेबलाच्या बाजूला ठेवलंय. मी ऑब्जेक्शन घेतलं. कुणी लॉग मागितला नाही.

२७ मार्च, बुधवार

टाचणी.

मॉडरेटर म्हणून टाचणीची निवड झाली. जुनंखोड लिहितात की या महिन्यात तिने तेरा नवख्यांना उत्तरं दिली आणि त्यातला एकही परत पाठवला नाही. सगळ्यांना काय सांगते? मलाही कळलं नव्हतं, आपण मिळून बघू! हे काय टेक्निकल उत्तर आहे?

मी तीव्र निषेध नोंदवला. नव्वद ओळींचा. टाचणीने खाली लिहिलं: तुमचं म्हणणं वाचलं, जेवून घ्या आणि मग शांतपणे बोलू. त्याच क्षणी आईने बाहेरून जेवायला हाक मारली. जेवायला गेलो, पण निषेध म्हणून दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

ठरवलं: बीळ सोडणार. पण आधी मुंगूसचं नवं, अजून चाचणीतच असलेलं व्हर्जन टाकून बघणार, म्हणजे सोडताना माझ्यासारखं ज्ञान कुणाकडे नव्हतं हे सिद्ध होईल.

२९ मार्च, शुक्रवार, दुपारी

लॅपटॉप मेला.

नवं व्हर्जन नीट टाकलं. अर्धा तास चाललं. मग स्क्रीन काळी. बटण दाबलं, काही नाही. दाबून धरलं, काही नाही. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, गेला. किंवा बूटलोडर. किंवा मदरबोर्ड. कॉलेजचा प्रोजेक्ट आत आहे आणि सोमवारी सबमिशन. बॅकअप? बॅकअपवर मी गेल्याच महिन्यात बिळावर लेख लिहिला होता. लेख त्याच लॅपटॉपमध्ये आहे.

मोबाइलवरून बिळावर टाकलं: मदत!!!! अर्जंट!!!! काहीच चालत नाहीये!!!! घाई आहे, सोमवारी द्यायचंय!!!!

परिस्थितीच अशी होती.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

उत्तर मॉडरेटर टाचणी यांचं. नमस्कार रूटराज. घाबरू नका. आधी एक मोठा श्वास घ्या. मग बघा, चार्जरची पिन नीट बसलीय का?

मला! चार्जर! मी लिहिलं, मी नवखा नाही, हा कर्नलचा सिरियस प्रॉब्लेम आहे, तुम्हाला झेपणार नसेल तर जुनंखोड यांना बोलवा.

टाचणी: बरं. पण तुमच्या टेबलाशेजारी नवीन शिलाई मशीन आहे ना, त्याचा प्लग लावताना तुमचा चार्जर काढला गेला असेल. सकाळी.

ही बाई हॅकर आहे. माझ्या खोलीत कॅमेरा आहे. छतावरचा पंखा तपासला, आरशामागे बघितलं, खिडकीला तंग कोट टांगला. मग मशीनच्या मागे बघितलं.

चार्जर जमिनीवर होता.

पिन लावली. लॅपटॉप सुरू. मुंगूस शेपटी वर करून उभं. प्रोजेक्ट जागच्या जागी.

आता प्रश्न कॅमेऱ्याचा. पोलिसात द्यायच्या आधी आईला सावध करावं म्हणून बाहेरच्या खोलीत गेलो. आई कॉम्प्युटरसमोर. एका बोटाने. टक. टक. स्क्रीनवर बीळ उघडलेलं, माझीच पोस्ट, आणि खाली उत्तराच्या चौकटीत अर्धवट: लागला का रे बा

३० मार्च, शनिवार

काल लिहायचं सोडून दिलं होतं. आज नीट.

आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'रूटराज'च्या पहिल्याच उत्तराखाली ती सही होती, आधी शोधा, मग वाचा. म्हणाली, त्या मिठाच्या दिवशी तू तेच म्हणाला होतास, तुझ्याच आवाजात ऐकू आलं मला. ताईलाही माहीत होतं. 'दंड_दाबून_बघितला' ती. 'मीठ_कुठेय' कोण, हे विचारायची गरज पडली नाही, बाबांनी लगेच पेपर वर धरला.

मी म्हटलं, मग मला घरात का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं ना, प्रिंटर बघशील का म्हणून. घरी विचारलं की नंतर बघतो म्हणतोस. तिथे निदान लगेच उत्तर देतोस. ओरडतोस, पण देतोस.

मग ती म्हणाली, एक सांगू का, मला वाईट नाही वाटलं, मी तुला ओळखते. पण तिथे बाकीच्या आयाही येतात. त्यांना काय माहीत तू कोण आहेस ते?

यावर मुद्दा नाही माझ्याकडे. नाइन्टीनपैकी एकही.

मी विचारलं, ती रिपोर्ट करणारी तीन माणसं कोण, माहितीये का? म्हणाली, मॉडरेटरला दिसतं ते. आणि उठून कपडे इस्त्रीला घेतले. म्हणजे एक अख्खा सँपल कोट, चष्मेवाला, तो शनिवार, कात्री, हे सगळं कुणामुळे, ते तिला मॉडरेटर झाल्या दिवशीच दिसलं, आणि तरी तिने मला जेवायला हाक मारली.

तंग कोट घालून बसलोय. बटण आजही लागत नाही. आता कारण माहितीये.

३१ मार्च, रविवार

दोन कामं राहिलीत. पहिलं, माझ्या 'मदत!!!!' पोस्टवर 'सुटलं' लिहायचं. मुद्दा सतराप्रमाणे कारणासकट. मी आधी लिहिलं, 'वीजपुरवठ्यातील तात्पुरता तांत्रिक खंड'. मॉडरेटरने परत पाठवलं. फक्त एक ओळ: म्हणजे काय रे, साधं लिही. साधं लिहिलं: चार्जर लावला नव्हता. एकेचाळीस लाइक. नवा रेकॉर्ड.

दुसरं काम अवघड आहे. अठ्ठावीस लाइकवाली पोस्ट. बेजबाबदार माणसाला शोधून काढून जाब विचारायला हवा, ही. डिलीट करायला गेलो, पण लाइक मिळालेली पोस्ट डिलीट करता येत नाही. तो नियम मीच सुचवला होता. फक्त खाली एक ओळ वाढवता येते.

सकाळपासून ती चौकट उघडी ठेवून बसलोय. एका बोटाने टाइप करतोय, दहा बोटांनी सुचत नाहीये. तीन ड्राफ्ट झाले. पहिला: 'सदर व्यक्तीचा शोध लागला आहे.' दुसरा: 'सदर व्यक्तीने घरीच चौकशी करायला हवी होती.' तिसऱ्यात फक्त 'तो मी' एवढंच आहे, आणि खाली सही येते: आधी शोधा.

आई बाहेर तिच्या जुन्या मशीनवर बसून कोट शिवतेय. कामावर ठेवलेली मुलगी अजून यायचीय. मघाशी विचारलं तिने, प्रिंटरमधला कागद संपलाय, घालून देतोस का. मी 'नंतर बघतो' म्हणणारच होतो. जिभेवर आलं होतं. उठलो आणि घालून आलो. त्यासाठी बिळावर काही टाकावं लागलं नाही.

ही डायरी कुणी वाचत नाही असं मी समजत होतो, पण माझ्या घरात कुणाचं काय वाचायचं राहिलंय याची आता खात्री नाही. तर ताई, बाबा, किंवा जे कोणी असाल ते: तिसरा ड्राफ्ट टाकू, की आधी बाहेर जाऊन तिला तोंडाने सांगू? तुम्हाला काय वाटतं?